न दिसलेले पट्टकादंब

नवरा गेल्यावर बाईने काय करावं, याबद्दल सोलापुरात प्रत्येकाचं ठाम मत असतं. कुणी म्हणतं देवाधर्माला लागावं, कुणी म्हणतं लेकीकडे जाऊन राहावं, कुणी निदान घराला रंग तरी द्यावा म्हणतं. महानंदा बिराजदारने यातलं काहीच केलं नाही. ती पूर्वीसारखीच पहाटे उठायची, शेंगदाणे भाजायची, लसूण सोलायची, उखळात चटणी कुटायची आणि पुड्या बांधून दुकानांत पाठवायची. फरक एवढाच, की हल्ली चटणीत कधी मीठच नसायचं, तर कधी दुप्पट असायचं. गिऱ्हाइकं जुनी, सांभाळून घेत होती. एका दुकानदाराने धीर करून विषय काढला, तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि पुढची चटणी तशीच पाठवली.

तिला दुःख झालं नव्हतं असं नाही. पण ते नेमकं कुठे झालंय, हे तिला सापडत नव्हतं. दातांचा डॉक्टर सुई देतो तेव्हा गाल आपलाच असतो, पण बोट लावलेलं कळत नाही. तिचं सगळंच तसं झालं होतं. रुद्रभूमीत माती देऊन माणसं परत आली, त्या दिवशी तिने सगळ्यांना चहाचं विचारलं होतं आणि कमी साखरेचे कप आठवणीने वेगळे ठेवले होते. बघणाऱ्यांना वाटलं, बाई खंबीर आहे.

ऊन खिडकीच्या गजांवर आलं, की ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेला फोन वाजायचा. हिवाळ्यात रोज.

"नमस्कार. चिंचपूर तलाव, उत्तर काठ. ऊन छान पडलंय. पट्टकादंबांचा मोठा थवा चिखलावर बसलाय. शेजारी चक्रवाक, जोडीजोडीनं. झकास! सोबत महानंदा."

आवाज राजशेखर बिराजदारांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. शाळेत भूगोल शिकवता शिकवता घसा बसलेला, तरी 'झकास' म्हणताना चढणारा. बिराजदार सर न्हाणीघरात कोसळून गेले, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. महानंदा तो निरोप ऐकायची, मग कढईतले दाणे हलवायची.

यात भुताखेताचं काही नव्हतं. उलट सगळं फार शास्त्रशुद्ध होतं.

एके काळी पक्षी बघणारे लोक फोनवरून नोंदी पाठवायचे. कुठे उभे होतो, काय दिसलं, फोटो, दोन शब्द. अशा लाखो नोंदींतून 'हिवाळी नकाशा' तयार झाला. उत्तरेकडून थंडीत आलेला कोणता पक्षी कोणत्या तळ्यावर उतरलाय, हे सगळ्या जिल्ह्यांसाठी रोज त्यात दिसायचं. पुढे सरकारी कामंही त्या नकाशावर चालायला लागली. रस्ता कुठून न्यायचा, कुठलं तळं राखायचं, कुठलं बुजवायचं, हे ठरवणारी यंत्रणा आधी नकाशा वाचायची. नकाशात पक्षी असले तर जागा राखीव, नसले तर जागा रिकामी.

पण बघणारे म्हातारे झाले आणि नवी पोरं काही उन्हात माळावर तंगडतोड करायला तयार नव्हती. तळ्यांवर कॅमेरे लावले, तर ते चोरीला गेले. उपग्रहाला पाणी दिसायचं, पण काठावरचा दगड आणि काठावरचा पक्षी त्याला सारखेच. नकाशाला भोकं पडायला लागली. तेव्हा पक्षीनकाशा केंद्राने छायानिरीक्षक आणले.

कल्पना साधी होती. दोन गावांत पाऊस मोजला, की मधल्या गावात किती पडला असेल याचा अंदाज हवामानवाले बांधतातच. इथे गावांच्या ऐवजी माणूस घेतला. एखाद्या अनुभवी निरीक्षकाच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोंदी, त्याच्या चालण्याच्या वाटा, त्याने फोनवर बोललेली टिपणं यंत्राला शिकवायची. मग आजचं तापमान, वारा आणि उपग्रहाने पाहिलेलं पाणी द्यायचं आणि विचारायचं, हा माणूस आज इथे आला असता तर त्याला काय दिसलं असतं? यंत्र उत्तर द्यायचं, तेही त्याच्याच शब्दांत. सर गेल्यानंतर केंद्राने संमती मागितली. त्या दिवसांत महानंदा समोर येईल त्याला हो म्हणत होती. याला पण म्हणाली. तेव्हापासून छायेची हिवाळ्यातली रोजची नोंद तिच्याही फोनवर यायला लागली.

तिची लेक वीणा हुबळीला असायची. तिला हे बिलकुल पसंत नव्हतं.

"आई, रोज सकाळी ते ऐकत बसतेस, बरं का ते?"

"बसत नाही. उभी असते. दाणे भाजत."

"ते बाबा नाहीयेत, आई."

"माहितेय की मला. मी काय वेडी आहे?"

"मग बंद कर ना."

"असू दे. कुणाला काय त्रास आहे त्याचा?"

वीणा मग फोन ठेवायची. त्रास कुणाला होता, ते तिला सांगता येत नव्हतं.

डिसेंबर सरता सरता एका दुपारी अंबादास कोंडा दारात उभा राहिला. हा सरांचा विद्यार्थी. शहराच्या पूर्व भागातला, विणकराच्या घरातला. सरांच्या मागे माळावर हिंडता हिंडता पक्षीशास्त्रात डॉक्टर झाला आणि आता केंद्रात छायानिरीक्षकांचं सगळं तोच बघायचा. येताना नेहमी तोंडभर बोलत येणारा माणूस आज चप्पल काढतानाच घसा खाकरत होता.

"काकू, जरा काम होतं."

"बस. भाकरी खाणार? कडक आहे, कालची."

"खातो की."

तिने भाकरी मोडून चटणी वाढली. अंबादासने पहिला घास घेतला, दोन क्षण थांबला आणि न बोलता गिळला. मग त्याने फोनवर एक फोटो उघडून दाखवला. उथळ पाणी, मागे बाभळी, आणि पाण्यात राखाडी पक्ष्यांचा थवा. पांढरी डोकी, डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे.

"पट्टकादंब," महानंदा म्हणाली. एवढं तिला कळत होतं. कित्येक रविवारी ती सरांच्या मागे स्कूटरवर बसून डबा घेऊन गेलेली. नोंदीला दोन साक्षीदार असले की केंद्राचा भरवसा वाढतो, म्हणून सरांनी तिचंही खातं उघडून दिलं होतं. "चिंचपूरचे ना?"

"नाही. शिंगीच्या पाझर तलावावरचे. मागच्या आठवड्यातले. तिथल्या एका तलाठ्याने हा फोटो पाठवला. नकाशाने नाकारला."

"का?"

"कारण सर सांगतायत की थवा चिंचपूरला आहे." अंबादासने ताट बाजूला सरकवलं. "तलाठ्याची ही पहिलीच नोंद. सर या भागातले सगळ्यांत विश्वासार्ह निरीक्षक. नकाशा कुणाचं ऐकणार? एकच थवा दोन ठिकाणी कसा असेल? म्हणून शिंगीचा फोटो जुना किंवा चुकीच्या जागेचा ठरला. आता नव्या वळणरस्त्याचा सगळा राडारोडा शिंगीच्या तळ्यात टाकायचं चाललंय. नकाशात ती जागा रिकामी आहे ना! सोमवारी सुनावणी. तळं एकदा बुजलं की झालं."

"तू जाऊन बघ की मग चिंचपूर."

"मी केंद्राचा नोकर. आमच्या नोंदी आमच्याच यंत्राविरुद्ध चालत नाहीत, नियम आहे. चिंचपूरसाठी विश्वासार्ह निरीक्षक तीनच उरलेत, काकू. त्यातले दोन छाया आहेत. तिसऱ्या तुम्ही."

महानंदा त्याच्याकडे बघत राहिली. अंबादासने पुढचं वाक्य खाली बघून उरकलं.

"लपवत नाही. तुमची नोंद सरांच्या विरुद्ध गेली, तर त्यांची विश्वासार्हता घसरेल. ठरावीक रेषेखाली गेली की छाया आपोआप बंद होते."

"म्हणजे सकाळी..."

"नाही येणार."

बाहेर बोहारीण ओरडत गेली. तिचा आवाज लांब गेला. मग महानंदाने ताट उचललं.

"मला जमायचं नाही, अंबादास. गुडघे दुखतात."

तो उठला. मग दारापाशी थांबून, सहज सुचलं तसं विचारलं, "काकू, सर कधी काहीच न बघता परत आलेत?"

"निम्म्या वेळेला!"

अंबादास एका पायात चप्पल घालून तसाच उभा राहिला. "निम्म्या?"

"असं काय बघतोस? शेवटी शेवटी तर बहुतेक रोजच. तळ्याला कालव्याचं पाणी आणलं ना, तेव्हापासून. मला दारातच कळायचं. बूट जोरात काढले की समजायचं, आज काही नाही. मग उगीच मोठ्यानं बोलणार, चहा फार छान झालाय म्हणणार."

"पण एकही रिकामी नोंद नाहीये सरांची. एवढ्या वर्षांत एक नाही."

"तू पाठवायचास?"

अंबादासने नकारार्थी मान हलवली. त्यांच्या पक्षी बघणाऱ्या मंडळाची ती रीतच होती. रविवारी माळावरून येऊन सगळे हॉटेलात जमायचे. ज्याला दिसलं तो रंगवून सांगायचा, ज्याला नाही दिसलं तो भजी खायचा. सर म्हणायचे, दिसलं ते सांगा, न दिसलेलं काय सांगायचं? रिकामा दिवस हा त्यांच्यात दिवसच नसायचा. तो कुणी फोनमध्ये भरायचं नाही.

आणि यंत्राला तर फोनमध्ये भरलेलंच कळत होतं. ज्या दिवशी नोंद नाही, त्या दिवशी सर घरीच असतील, असं ते समजत आलं. सर गेले होते आणि तळं रिकामं होतं, ही शक्यता त्याला कुणी शिकवलीच नव्हती. आनंदाच्या तेवढ्या गोष्टी ऐकून मोठं झालेलं ते यंत्र, सरांना रोज चिंचपूरला पाठवत होतं आणि रोज थवा दाखवत होतं.

"सगळ्याच छाया अशा आहेत मग," अंबादास स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "सगळ्या जिल्ह्यांत. आम्ही सगळे तसलेच होतो." दुसरी चप्पल घालून तो गेला. जाताना त्याने पुन्हा आग्रह केला नाही. केला असता तर तिला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

पुढचे दोन दिवस महानंदा नेहमीसारखी वागली. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, ऊन गजांवर आलं आणि फोन वाजला.

"नमस्कार. चिंचपूर तलाव, उत्तर काठ. गारठा आहे आज. पट्टकादंब मजेत. एक गडी पहारा देतोय, मान वर करून. झकास! सोबत महानंदा."

तिने गॅस बारीक केला. सोबत महानंदा. इथे ती ओट्याशी उभी होती, हाताला लसणाचा वास, आणि तिकडे ती रोज थंडीत तळ्याकाठी उभी असल्याचं सगळ्या जिल्ह्याला कळवलं जात होतं. तिला राग आला असं म्हणता येणार नाही. राग यायला अंगात जे लागतं ते तिच्यात नव्हतं. फक्त वाटलं, जाऊन बघायला काय हरकत आहे? असतीलही पक्षी. हे बरोबरच असतील. आयुष्यभर होते, आता कसे चुकतील? थवा दिसला की तसं कळवायचं, अंबादासचं तोंड बंद आणि सकाळचं चालू. असा हिशेब करून तिने शाल काढली.

कोपऱ्यावरचा रिक्षावाला इरण्णा तिला बघून चाटच पडला.

"काकू, कुठं निघालाव? दवाखाना काय?"

"चिंचपूर तलाव. उत्तर काठ. मग तिथनं पुढं शिंगी."

"तिकडं काय हाय आता?"

"ते बघायलाच चाललेय."

"बसा की मग. शाल नीट घ्या, वारं लागतंय."

इरण्णाची बॅटरीवरची रिक्षा आवाज न करता माळावरून निघाली. जुने मैलाचे दगड, नवे सौर पत्रे, मध्येच ज्वारीची हिरवी पट्टी. महानंदा काहीच न बघता बघत होती. या रस्त्यावर सरांच्या पाठीला टेकून ती किती वेळा पेंगली होती, हे तिला आठवलं. आठवून काही झालं नाही.

उत्तर काठाला लिंबाचं झाड होतं, त्याच्याखाली सर उभे राहायचे. ती तिथे जाऊन उभी राहिली. समोर पाणी होतं, काठोकाठ. लाटा थेट लिंबाच्या मुळांना लागत होत्या. ज्या चिखलाच्या पट्ट्यावर पक्षी उतरायचे, तो केव्हाच पाण्याखाली गेला होता. पलीकडच्या काठापर्यंत नुसतं चकचकीत, सपाट पाणी. एक पाणकावळा खांबावर पंख वाळवत बसला होता. बाकी काही नाही. इरण्णाने कपाळावर हात धरून सगळीकडे पाहिलं.

"तळं टच्च भरलंय बघा, काकू. बाकी कायच न्हाई."

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. केंद्राने चांगल्या उजेडासाठी शनिवारी आणि रविवारी दुसरी फेरी ठेवली होती.

"चिंचपूर, उत्तर काठ. आता ऊन वर आलंय. अगं, बघ बघ, काय सुरेख उतरतायत! चिखलावर एक, दोन... सगळा थवाच आला. झकास! सोबत महानंदा."

इरण्णाने आधी फोनकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि मग महानंदाकडे बघायचं टाळून तो रिक्षा पुसायला लागला. बिराजदार सरांचा आवाज तोही ओळखत होता. महानंदाने समोर नीट पाहिलं. जिथे उतरतायत म्हणून सांगितलं होतं, तिथे पाहिलं. खरंच बघायचा प्रयत्न केला तिने, डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून. पाणी हललं नाही.

फोनवर नोंदीचं पान उघडलं होतं. 'दिसले' असं मोठं हिरवं बटण समोरच होतं. अंगठा ठेवला की झालं असतं. इरण्णा कुणाला सांगायला जाणार नव्हता, आणि पक्ष्यांना थोडीच तक्रार करता येते! ती बराच वेळ अंगठा तसाच धरून उभी राहिली. मग फोन शालीत गुंडाळला.

"चल शिंगीला," ती म्हणाली. तिथे काही नसलंच, तर हिरवं बटण दाबायला बरं, असा विचार तिच्या मनात होता, आणि तो तिने नाकारलाही नाही.

शिंगीचा पाझर तलाव म्हणजे जुन्या दुष्काळात लोकांनी खणलेला एक मोठा खड्डा. वाळत आलेलं उथळ पाणी, भोवती चिखल, शेजारी हरभरा. रिक्षा बांधाशी थांबायच्या आधीच आवाज आला. नाकातून काढल्यासारखे, एकमेकांत मिसळलेले शेकडो आवाज. पट्टकादंब होते. पाण्यात, चिखलावर, बांधावर, आणि निम्मे तर सरळ हरभऱ्यात चरत होते. हिमालय ओलांडून आलेले ते पाहुणे एखाद्या लग्नाच्या पंगतीत बसावं तसे खात सुटले होते. एक बाई पदर खोचून, पत्र्याचा डबा बडवत त्यांच्यामागे धावत होती.

"आवो, सरकारी हाय का तुमी?" तिने महानंदाला लांबूनच विचारलं.

"नाही. बघायला आले."

"बघा, बघा! वाटोळं करायलेत हरभऱ्याचं. हाकललं की हिकडनं तिकडं, अन पुन्ना हिकडं." ती धापा टाकत जवळ आली. "ते तळं बुजवणार म्हणत्यात. बुजवू द्या एकदाचं."

"बुजवल्यावर हे कुठं जातील?"

"कुठं जायचं तिकडं जातील. मला काय इचारता?" मग डबा खाली ठेवून ती बाई थव्याकडे बघत राहिली, आणि थोड्या वेळाने वेगळ्याच सुरात म्हणाली, "मागच्या साली एक लंगडा व्हता त्यात. यंदा न्हाई आला."

महानंदा बांधावर बसली. डोक्यावरचे काळे पट्टे तिला इथूनही दिसत होते. ते सुंदर आहेत, एवढं तिला कळत होतं. आत काही हललं नाही, पण खोटं बोलण्याचा कंटाळा मात्र आला, अगदी हाडांपर्यंत कंटाळा. हे इथे आहेत आणि तिकडे नाहीत. तिकडे आहेत असं ती म्हणाली, तर पुढच्या हिवाळ्यात ते इथेही नसतील, आणि तिच्या ओट्यावर रोज सकाळी मजेत असतील.

शिंगीची नोंद लगेच झाली. चिंचपूरच्या नोंदीला वेळ लागला. 'काहीही दिसले नाही' हे बटण कुठे आहे तेच सापडेना. तीन पानं उलटल्यावर, सगळ्यांत खाली, बारीक करड्या अक्षरांत ते होतं. आजवर कुणाला लागलंच नव्हतं ते. तिने दाबलं. खात्री आहे का, असं यंत्राने विचारलं. तिने पुन्हा दाबलं. मग बोलून टिपण द्यायला सांगितलं गेलं.

"महानंदा बिराजदार," ती फोनमध्ये म्हणाली. "चिंचपूर, उत्तर काठ. सकाळी गेले होते. पाणी फार आहे. पक्षी नाहीत."

बांधावरून उठताना तिने त्या बाईला विचारलं, "हरभऱ्याची भरपाई मिळते का काही?"

"कोण देतंय?"

"नकाशात आलं की मिळते म्हणे. अंबादास कोंडा म्हणून आहे, त्याला सांगते मी तुझं नाव."

रविवारी फोन वाजला नाही. एकदाही नाही. महानंदाने दाणे भाजले, ते करपले, ते टाकून दुसरे भाजले. सोमवारीही सकाळ तशीच गेली. संध्याकाळी मात्र अंबादासचा फोन आला. तो मोठमोठ्यानं बोलत होता.

"काकू, शिंगी वाचलं! नकाशाने जागा बदलली. राडारोडा दुसरीकडे जाणार. आणि ऐका, सर पण वाचले!"

"म्हणजे?"

"छाया कायमची बंद नाही झाली. मी तुमचं सगळं सांगणं घातलं त्यात. कालव्याचं पाणी आल्यापासूनचे रिकामे दिवस, निम्म्या वेळेचं, सगळं. दोन दिवस लागले शिकवायला. तुमची नोंद आणि हे, दोन्ही मिळून यंत्राने सरांना दुरुस्त केलं. विश्वासार्हता उलट वाढली. उद्यापासून पुन्हा चालू!"

"उद्यापासून," महानंदा म्हणाली.

"हो. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

वाटलं. खरंच बरं वाटलं तिला. दीड वर्षात पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं आणि ते चांगलं होतं. दोन्ही गोष्टी साधल्या होत्या, कुणाचंच काही गेलं नव्हतं. त्या रात्री ती पोटभर जेवली. मंगळवारी सकाळी तिने चटणी चाखून पाहिली, तोंड वेंगाडलं आणि मोजून मीठ घातलं. फोन पुसून डब्याला टेकवला. ऊन गजांवर आलं.

"नमस्कार. चिंचपूर तलाव, उत्तर काठ. पाणी भरपूर आहे. आज काही दिसलं नाही."

आणि मग पुढे काहीच नाही. निरोप संपला होता.

महानंदाने तो पुन्हा लावला. आवाज तोच, बसका घसा तोच, 'भरपूर'मधला 'र'ही तसाच. आज काही दिसलं नाही. शांतपणे, हवेचा अंदाज सांगावा तसं. यात एक अक्षर खोटं नव्हतं. तळ्यावर खरंच काही नव्हतं, तिने स्वतः पाहिलं होतं. यंत्र आता अगदी बरोबर बोलत होतं.

पण राजशेखर हे बोलला नसता. मान कापली तरी बोलला नसता. तो बूट आपटत आला असता, चहा छान झालाय म्हणाला असता, उद्या बघ कसे येतात म्हणाला असता, आणि ती गालात हसत दाणे हलवत राहिली असती. हे बोलणारा कुणी दुसराच होता. फार हुशार, फार प्रामाणिक, तिच्या ओळखीचा नसलेला. आणि हा इथे बोलतोय म्हणजे तो नाही. तिकडे तळ्यावर नाही, वाटेवर नाही, येणार नाही.

ती खाली बसली, ओट्याला पाठ लावून, फरशीवर. वर कढईत दाणे तडतडत होते, मग करपायला लागले. तिने हात वर करून चाचपडत गॅस बंद केला. पायापासून काहीतरी वर येत होतं आणि ते थोपवायचं कसं, हे तिला माहीत नव्हतं. तिने फोन खाली ओढला आणि हुबळीचा नंबर लावला.

"बोल, आई," वीणा म्हणाली. मागे कुकरची शिट्टी होत होती. "एवढ्या सकाळी? काय झालं?"

वीणाने दोनदा हाक मारली.

"वीणा," ती शेवटी म्हणाली, "अगं, तुझे बाबा गेले गं."

पलीकडे कुकर बंद झाल्याचा आवाज आला.

"हो, आई," वीणा म्हणाली. "गेले."

मग महानंदा रडायला लागली.